एकशे वीस पाने, पाठ एक

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात चकल्यांचे डबे उघडलेले असतील, आणि पहिल्यांदा अंक कुणी वाचायचा यावरून थोडीशी ओढाताणही झालेली असेल. ज्याच्या हाती तो आधी येईल तो मुखपृष्ठ पाहील आणि लगेच अनुक्रमणिका उघडील. यंदा कोण कोण आहे? दिवाळी अंक हे एक सामुदायिक प्रदर्शनच असते. पंचवीस-तीस माणसे, कुणी कथाकार, कुणी कवी, कुणी व्यंगचित्रकार, पुष्कळदा एकमेकांचे तोंडही न पाहिलेली, एका मुखपृष्ठाखाली गुण्यागोविंदाने नांदतात. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काशीनाथ रघुनाथ मित्रांनी काढला. मित्रांचे मूळ आडनाव आजगावकर, आणि आजगाव आमच्या सावंतवाडी तालुक्यातले, म्हणून हे सांगताना माझी मान अंमळ ताठ होते. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे ही वहिवाट चालू आहे. परंतु अनुक्रमणिकेत 'सुप्रसिद्ध अमुकतमुक व इतर लेखक' एवढेच छापून मोकळे होण्याची हिंमत कुठल्या संपादकाने केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तसे केले तर 'इतर' मंडळी पुढच्या वर्षी अंकाची पायरी चढणार नाहीत.

मग चित्रकारांनीच कुणाचे काय घोडे मारले आहे?

माझे भांडण आहे ते याच दोन शब्दांशी. 'व इतर'!

चार-आठ चित्रकार, मूर्तिकार एकत्र येतात आणि प्रदर्शन भरवायचे ठरवतात. त्यासाठी दारावर फलक लागतो, निमंत्रणपत्रिका लागते, चित्रांखाली चिठ्ठ्या लागतात, हातात द्यायला एखादी पुस्तिका लागते. आणि आता मोबाइलवरून पाठवायला तळहाताएवढे निमंत्रणही लागते. या सगळ्याला मिळून एक रूप असावे, दुरून पाहताच 'हे त्यांचे' असे कळावे, यासाठी जे करतात त्याला शहरातली मंडळी कधी 'लोगो' म्हणतात, कधी 'व्हिज्युअल आयडेंटिटी' म्हणतात. मी त्याला प्रदर्शनाचा चेहरामोहरा म्हणतो. आमच्याकडे समज असा की, हे काम म्हणजे लग्नाच्या मांडवाला लावलेले आंब्याचे टाळे. झाले तर झाले, आदल्या दिवशी उरकले. माझे म्हणणे नेमके उलट आहे. चेहरामोहरा ही सजावट नव्हे. एकत्र आलेल्या माणसांनी आपापसात केलेला, आणि चारचौघांत टांगलेला, तो पहिला करारनामा आहे. त्यावर ज्याचा चेहरा असेल त्याचेच प्रदर्शन होते. बाकीचे त्याच्या वरातीतले वऱ्हाडी!

गेल्या वर्षी आमच्या भागात नऊ कलावंतांचे एकत्रित प्रदर्शन भरले. गावाचे आणि मंडळाचे नाव मी घेत नाही. कारण हीच कथा थोड्या फरकाने कुठल्याही तालुक्यात सापडेल. मी वालावलचा एक शाळामास्तर. चित्रकलेच्या महाविद्यालयाची पायरी मी चढलेलो नाही; पण कादंबऱ्या लिहितो, तेव्हा निमंत्रणाचा मजकूर बरा लिहीन, अशा हिशेबाने मला बैठकीला बोलावले होते. मजकुरावर पाच मिनिटे चर्चा झाली आणि फलकावर दोन मिनिटे. छापखान्यातल्या मुलाने मोबाइलवर एक तयार नमुना दाखवला. रंगांची थाळी, त्यात खोवलेला कुंचला, कडेने झेंडूची माळ. "बेस्ट!" असे कुणीतरी म्हणाले आणि ठराव पास झाला.

फलक लागला तो चांगला बारा फूट रुंद. वर दोन देणगीदारांचे हात जोडलेले फोटो. मधोमध नऊ जणांतल्या सर्वांत नामवंत चित्रकाराचे एक चित्र, तेही कडा कापून. खाली त्यांचे नाव वीतभर अक्षरात, आणि त्याच्याखाली बोटभर अक्षरात 'व इतर कलावंत'. मी बैठकीतच हरकत घेतली होती. तेव्हा एका सद्गृहस्थाने मला गप्प केले, "मास्तरांनू, जो पैसे देता तेचो फोटो नको, तर कोणाचो लावतलास?"

आता हे 'इतर' कोण होते ते ऐका. एक होता पाट्या रंगवणारा. निम्म्या तालुक्याने दुकाने ओळखली ती त्याच्या हातच्या अक्षरांवरून. मालवणच्या किनाऱ्यावरच्या होड्यांवर त्याने नावे घातली. छापील फ्लेक्स आले, त्याचा धंदा बसला, तेव्हा तो फावल्या वेळात होड्याच रंगवू लागला, कागदावर. त्याच्या पहिल्या प्रदर्शनाचा फलकही फ्लेक्सचाच, आणि त्यावर त्याचे नाव नाही! दुसरा पिंगुळीच्या चित्रकथीच्या घराण्यातला तरुण. तिसरी गणपतीच्या शाळेत लहानपणापासून माती मळलेली एक सून. उद्घाटनाच्या दिवशी ती आपल्या सासूला घेऊन आली होती. म्हातारीला अक्षरओळख बेताचीच, पण तिने फलक वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि विचारले, "गो, तुजा नाव खंय आसा?" सुनेने 'इतर' या शब्दावर बोट ठेवले.

मी पाहिले ते एवढेच. यावर ती रडली नाही की भांडली नाही. पण या वर्षी पुन्हा प्रदर्शनाची गोष्ट निघाली तेव्हा नवांपैकी चौघांनी नाही म्हटले, आणि त्यांत ती होती. सजावट चुकली म्हणून माणसे तुटत नाहीत. करार मोडला म्हणजे तुटतात.

आता कुणी म्हणेल, नऊ जणांचे नऊ ढंग. कुणाची होडी, कुणाचा गणपती, कुणाची नुसती रेघोट्यांची नवी चित्रे. यांना एक चेहरा द्यायचा कसा? याचे उत्तर शोधायला पॅरिसला जायला नको. कुडाळहून एस.टी.त बसून सावंतवाडीला उतरावे आणि दशावतारी गंजिफांचा एक संच पाहावा. राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही बुडत चाललेली कला पुन्हा उभी केली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. गंजिफाची पाने गोल असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, दर रंगात राजा आणि प्रधान धरून बारा पाने, अशी एकूण एकशे वीस. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. एकापुढे एक मांडली तर अंगणात रांगोळी घातल्यासारखी दिसतात. एक पान दुसऱ्यासारखे नाही.

आता ती सगळी पालथी घाला. एकशे वीस पानांची पाठ एक!

ती पाठ तशी का असते, याचा विचार करा. ती सुंदर दिसावी म्हणून नव्हे. पाठ सारखी असल्यावाचून खेळच होत नाही. राजाच्या पानाला सोनेरी पाठ दिली आणि एक्क्यादुर्रीला मातकट दिली, तर हातातले पान समोरच्याला आधीच कळेल आणि डाव मांडण्यापूर्वीच संपेल. त्याला खेळ म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात. आणि गंमत अशी की, पाठ सारखी असल्याने राजाचे राजेपण काही कमी होत नाही. पान उलटले की राजा तो राजाच.

सामुदायिक प्रदर्शनाचा चेहरामोहरा म्हणजे ही पाठ. सगळे चित्रकार सारख्याच तोलाचे असतात, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारा एक तर भोळा असतो, नाही तर निवडणुकीला उभा असतो. ज्याचे चित्र मोठे असेल ते भिंतीवर मोठे ठरो. त्याच्यापुढे लोक घटकाभर थांबोत, बाकीच्यांच्या पुढून नुसते जावोत. तो पान उलटल्यानंतरचा भाग झाला. परंतु दारावर, पत्रिकेवर, चिठ्ठीवर सगळ्यांची पाठ सारखी हवी. निकाल प्रेक्षकाने आत येऊन द्यायचा आहे. फलकाने बाहेरच देऊन टाकायचा नाही.

दुसरा धडा आमच्या जत्रेतला. आमच्या वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळात, किंवा कोकणात कुठेही, रात्री दशावताराचा खेळ लागतो तेव्हा मुख्य आख्यानाआधी आडदशावतार होतो. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते, आणि काळा झगा घातलेला, लाल जीभ लोंबवणारा संकासुर येतो. सभामंडपाच्या टोकाला आईच्या मांडीवर पेंगत असलेले पोरही त्या काळ्या आकृतीकडे पाहून खडबडून जागे होते. कंपनी कुठलीही असो, गाव कुठलाही असो, आडदशावतार तोच. त्याच्या नंतरचे आख्यान मात्र दर रात्री निराळे. त्याला लिहिलेली संहिता नसते. ज्याने त्याने आपला चेहरा आपल्या हाताने रंगवायचा, आणि संवाद ऐन वेळी आपल्या बुद्धीने रचायचे. सामानसुमान म्हणाल तर एक बाकडे आणि पायपेटी, मृदंग, झांज.

यातली मख्खी ध्यानात घ्या. आरंभ ठरलेला आहे, म्हणून पुढे नट मोकळा आहे. आरंभाचा तो भाग कुणा एका नटाच्या मालकीचा नाही. तो ओळख पटवतो आणि बाजूला होतो. आख्यान चालू झाल्यावर संकासुर रंगमंचावर ठाण मांडून बसत नाही! आमच्या फलकांवर आणि पत्रिकांवर जी झेंडूची माळ, थाळी आणि कुंचले लोळत असतात, ते म्हणजे आख्यानाच्या मध्यावरही न गेलेला संकासुर.

'हे तुमचे जत्रेतले शहाणपण झाले. आधुनिक चित्रकलेला ते काय कामाचे?' असा प्रश्न एका तरुण मित्राने मला केला. म्हणून थोडे मुंबईकडे वळतो. १९४७ साली मुंबईत सहा कलावंतांनी 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' काढला. गोव्याच्या साळगावचे सूझा, रझा, हुसेन, आरा, विदर्भातले गाडे, आणि शिल्पकार सदानंद बाकरे. यांत हुसेन सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले, म्हणजे आमच्या पाट्या रंगवणाऱ्याचे जातभाईच. या सहांचे एकाचे चित्र दुसऱ्याशी जुळत नव्हते. १९४९ साली त्यांनी मिळून प्रदर्शन भरवले. त्याच वर्षी सूझा लंडनला गेले, पुढच्या वर्षी रझा पॅरिसला, त्याच्या पुढच्या वर्षी बाकरे लंडनला. गट पांगला. पण आजही चित्रकलेचा इतिहास लिहिणारा या सहांना एका दमात मोजतो. 'सूझा व इतर' या नावाने ते एकत्र आले असते, तर इतिहासाच्या पाटीवरून बाकीचे पाच पुसायला असा कितीसा वेळ लागला असता?

दुसरे उदाहरण त्याहून बोलके. १९६२ साली गुजरातेत भावनगरला काही चित्रकार एका घरी जमले आणि त्यांनी गट स्थापन केला. नाव काय ठेवावे? ज्या घरात बसले होते त्या घराचा नंबर होता १८९०. झाले, 'ग्रुप १८९०'! पुढच्या वर्षी दिल्लीला बारा जणांचे प्रदर्शन भरले. उद्घाटनाला पंतप्रधान नेहरू, आणि पुस्तिकेत लिहिणारे कवी ऑक्टाव्हिओ पाझ, जे तेव्हा मेक्सिकोचे राजदूत होते. एवढे मोठे पाहुणे असूनही नाव राहिले ते घराच्या नंबराचे. नंबर कुणाचाच नसतो, म्हणून तो सगळ्यांचा होऊ शकतो. त्या गटाचे प्रदर्शन ते एकच झाले, तरी नाव टिकले.

आणि साता समुद्रांपलीकडचेच प्रमाण हवे असेल तर व्हिएन्ना घ्या. तिथे १८९७ साली जुन्या संस्थेतून बाहेर पडलेल्या कलावंतांनी 'सेसेशन' नावाचा संघ काढला. अध्यक्ष गुस्ताव्ह क्लिम्ट, संघातले सर्वांत गाजलेले नाव. १८९८ च्या पहिल्या प्रदर्शनाचे भित्तिपत्रक क्लिम्टने केले, हे खरे. पण दुसऱ्याचे ओल्ब्रिशने केले. पुढची मोझरने केली, रोलरने केली. संघाचे नाव तेच. हात मात्र पाळीपाळीने बदललेला. अध्यक्ष मोठा होता, म्हणून दर वेळी त्याचेच चित्र छापावे असे कुणाला वाटले नाही.

आता माझ्यावर घेतल्या जाणाऱ्या हरकतींचा समाचार घेतो. कारण त्या खोट्या नाहीत.

पहिली हरकत पैशाची. देणगीदाराचा फोटो लावला नाही तर पैसे कोण देईल? देणगीदाराचे ऋण मी नाकारत नाही. त्याच्याविना खिळेसुद्धा येत नाहीत. पण आपल्याकडे याचा रिवाज फार पूर्वी ठरलेला आहे. देवळाच्या पायरीवर, फरशीवर देणगी देणाऱ्याचे नाव कोरलेले असते. लोक ते वाचतात आणि मान देतात. गाभाऱ्यात देवाच्या जागी मात्र कुणी आपला पुतळा बसवा म्हणत नाही. पुस्तिकेचे एक स्वच्छ पान देणगीदारांना द्या, त्यांची नावे नीट अक्षरांत छापा, उद्घाटनाला त्यांना पुढच्या रांगेत बसवा. फलक मात्र कलावंतांचा.

दुसरी हरकत गर्दीची. मोठे नाव ठळक असल्याशिवाय लोक येत नाहीत. हे अर्धे खरे आहे. मोठ्या नावाने लोक येतात. पण ते नाव फलकावर असल्याने येतात, बाकीची आठ नावे खोडल्याने येत नाहीत! नऊ नावांत आपल्याला हवे ते नाव शोधायला लोकांना डोळे दिलेले आहेत. आणि पाट्या रंगवणाऱ्याच्या गल्लीतली माणसे कुणाचे नाव वाचून येतील? सुनेच्या माहेरची माणसे कुणाचे? 'इतर' नावाच्या माणसाला नातेवाईक नसतात.

तिसरी हरकत सर्वांत शहाणपणाची. नऊ जणांनी मिळून चिन्ह काढायचे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. नवांची नऊ चित्रे टपाल तिकिटाएवढी करून एका पत्रिकेवर चिकटवली, की नवांपैकी एकाचेही चित्र धड दिसत नाही, आणि सगळ्यांना न्याय दिल्याचे समाधान तेवढे मिळते. या हरकतीशी मी पूर्णपणे सहमत आहे. काढणारा हात एकच हवा. पण त्या हाताने कोणत्या अटी पाळायच्या, हे नवांनी बसून ठरवायला हवे. गंजिफाची पाठ रंगवतो एक चितारी. ती सारखी हवी, हे ठरवतो खेळ.

त्या अटी कोणत्या, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे सांगतो. नवांपैकी कुणाचेही चित्र आणि कुणाचाही फोटो चिन्हात नको. सगळी नावे यावीत, अकारविल्हे यावीत, आणि एकाच मापाच्या अक्षरांत यावीत. आमच्या शाळेच्या हजेरीपटात सरपंचाचा मुलगा आणि गड्याचा मुलगा एकाच ओळीच्या उंचीत बसतात, मग कलावंतांना त्याची लाज का वाटावी? चिन्ह एका रंगात उमटले पाहिजे. त्याचा रबरी शिक्का झाला पाहिजे, झेरॉक्सच्या काळ्या-पांढऱ्यात ते ओळखू आले पाहिजे, आणि मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढे झाले तरी पुसले जाता कामा नये. जे शिक्क्यात मरते ते चिन्ह नव्हे, चित्र आहे. त्याची जागा भिंतीवर. फलक, पत्रिका, पुस्तिका आणि चित्राखालची चिठ्ठी या सगळ्यांचे अक्षर आणि रंग एकच हवे. नामवंताच्या चित्राखाली पितळी पट्टी आणि सुनेच्या गणपतीखाली वहीचा फाडलेला कागद, असला प्रकार नको. आणि दर वर्षी हे काम पाळीने दुसऱ्या हाताकडे जावे.

रंग कोणता घ्यावा, असे विचाराल तर तोही आमच्या पायाखाली आहे. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम आहे. पांढऱ्या चुन्यावर काव चढवायची आणि ती खरवडून आतले पांढरे उजळवायचे. दोनच रंग, पण शतके उलटली तरी कुठे कुठे ते फुललेले दिसते. त्या काळातल्या कारागिरांना जे दोन रंगांत साधले, ते आम्हाला छापखान्याच्या लक्षावधी छटांत साधत नाही, याचा दोष छापखान्याचा नाही. आणि अक्षरे काढायला कुणाला शोधायचे? ज्याची पाटी आम्ही पुसली तो तालुक्यातच आहे. त्याच्या हातात अजून अक्षर आहे. कमल शेडगे यांनी नाटकांची नावे अशी काही लिहिली की, वर्तमानपत्रातली जाहिरात दुरून पाहूनच रसिक नाटक ओळखत. अक्षरासारखा चेहरा नाही, हे मराठी माणसाला कुणी नव्याने सांगायला नको.

हे सारे मी चित्रकारांसाठी लिहिले, असे दिसेल. पण तुम्हीही सुटलेला नाहीत. नरकचतुर्दशीच्या पहाटे वाडीवाडीतून जो नरकासुर निघतो, तो पंधरा पोरांनी रात्री जागून कागद चिकटवून उभा केलेला असतो. गणपतीची आरास, शाळेचे हस्तलिखित, सोसायटीचे स्नेहसंमेलन, सगळी सामुदायिक कामे. यांच्या पाट्या आणि पत्रिका तुमच्यापैकीच कुणीतरी लिहिणार आहे. लिहिणारे बहुतेक वेळा भले असतात. फक्त जागा पुरत नाही म्हणून ते शेवटी दोन शब्द लिहितात आणि मोकळे होतात.

तेव्हा माझी विनंती एवढीच. जागा पुरत नसेल तर झेंडूची माळ काढा, थाळी काढा, कुंचले काढा, हात जोडलेले फोटो काढा. जागा होते. आणि येत्या मोसमात कुठल्या प्रदर्शनाच्या दारावर ते दोन शब्द दिसले, तर आत शिरण्यापूर्वी यजमानांना मोठ्याने, चारचौघांना ऐकू जाईल असे विचारा, "इतर म्हणजे कोण कोण?"